नवसाचा पहिला रोडगा

जानेवारीतला दुसरा शनिवार. ठिकाण: मूर्तिजापूरच्या अलीकडे, माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरचं शेत. हजर: अमरावतीहून मी आणि यजमान, अकोल्याहून बहीण, तिचा नवरा आणि तिच्या सासूबाई, गावातली आणि आजूबाजूच्या शेतांवरची मिळून भलीमोठी पंगत, आणि निंबाखालचा मारुती. गैरहजर: माझा मुलगा, कारण त्याला पुण्यात सुट्टी मिळाली नाही, आणि माझ्या पोटाचा बराचसा भाग, जो गणपती उठल्यावर दवाखान्यातच राहिला.

कॉलेजच्या कार्यालयात आयुष्य गेल्यामुळे मला आधी हजेरी घ्यायची सवय आहे. हजेरी झाली की मुद्द्यावर येता येतं.

मुद्दा असा. वजन कमी करण्यासाठी मी पोटाची पिशवी लहान करून घेतली. गुडघे, साखर, रक्तदाब अशी कारणांची यादी लांब होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बहिणीनं या मारुतीला नवस बोलला, की माझी ताई सुखरूप घरी आली तर तुझ्यापुढे रोडग्यांचं जेवण घालीन. रोडगा म्हणजे घट्ट मळलेल्या कणकेचा मुठीएवढा गोळा, एकात एक पाऱ्या घालून केलेला, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर, म्हणजे आरात, खरपूस भाजलेला. तो फोडायचा, तुपात बुडवायचा आणि वरणाबरोबर, वांग्याच्या तर्रीदार भाजीबरोबर खायचा. पोट लहान झाल्याबद्दल देवाचे आभार मानायला गावाला रोडगे घालायचे, यात काही चुकतंय असं आमच्याकडे कोणालाही वाटलं नाही. मलाही नाही. मी फोनवर फक्त गहू जाडसर दळायला सांगितला आणि वांगी कोणी आणायची ते विचारलं.

तसं माझं बरं चाललं होतं. सुरुवातीला नुसतं पातळ, मग दाट, मग मऊ, अशा पायऱ्या चढत मी घरच्या जेवणापर्यंत आले होते. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेले नियम मी फ्रिजवर लावले होते. आधी डाळ, दही, पनीर, अंडं, मग भाजी, जागा उरली तर पोळीचा तुकडा. घास लहान. चावून चावून त्याचं पीठ करायचं. जेवताना पाणी नाही. पोट भरल्याची पहिली खूण मिळाली की थांबायचं, पानात काहीही असो. गोळ्या रोज, कायमच्या. यजमान म्हणायचे, "हे जेवण आहे का ऑडिट?" पण तेही हळूहळू माझ्या वेगानं जेवायला लागले आणि त्यांची जुनी ॲसिडिटी गेली. ते मान्य करत नाहीत, ही वेगळी गोष्ट.

खरा प्रश्न बहिणीचा होता. ती माझ्याहून लहान, पण साखर माझ्याहून जास्त. रात्री नाकावर मशीन लावून झोपते. दोन जिने चढली की भिंत धरते. तिच्या डॉक्टरांनीही तिला हेच ऑपरेशन सांगितलं होतं आणि ती ते टाळत होती. भीती कापाकापीची नव्हती. अकोल्यात तिची खानावळ आहे. बाहेरगावच्या पोरापोरींना ती डबे देते. तिचं सगळं जिभेवर चालतं. ऑपरेशननंतर चवच गेली, अन्न नकोसं झालं, तर डबे कसे द्यायचे? फोनवर ती मला नेहमी तेच विचारायची आणि मी नेहमी म्हणायची, "मस्त आहे सगळं." तिचा विश्वास बसत नव्हता. शेवटी ती म्हणाली होती, "शेतात येजो. मी आपल्या डोळ्यानं पाह्यतो, मानसासारखी जेवते का नाई तू. मग ठरवतो."

म्हणजे जेवण मारुतीचं होतं आणि परीक्षा माझी.

परीक्षेची तयारी मी नीट केली. पिशवीत काय काय: लहान वाटी, लहान चमचा, मुगाचं घट्ट वरण, पनीरचे तुकडे, पाण्याची बाटली, गोळ्या. बहिणीची तपासण्यांची फाइलही मागवून घेतली होती, कारण ती हो म्हणाली तर पुढच्या गोष्टी अडायला नकोत. बडनेरा ओलांडताना यजमान म्हणाले, "देवाच्या कार्याला स्वतःचा डबा घेऊन जाणारी पहिलीच बाई असशील."

"दुसरी पुढच्या वर्षी जाईल," मी म्हणाले. "म्हणूनच चाललेय."

शेतात पोचलो तेव्हा पुरुषमंडळी आरात रोडगे उलटत होती. एकीकडे तुरीच्या पेंढ्या वाळत होत्या, दुसरीकडे मोठ्या गंजात वांगी रटरटत होती आणि बहीण तिथे उभी राहून सगळ्यांना कामाला लावत होती. मला पाहून तिनं पहिलं वाक्य काढलं, "अवो माय! कपाट अर्धं रिकामं झालं वाटते!" मग मिठी मारली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत चरबी कुठे कुठे गेली त्याची तिथल्या तिथे तपासणी केली. तिच्या सासूबाईंनी मात्र माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "लेकराचा मुखडा पार उतरला."

नैवेद्य झाला. पंगत बसली. मी एका कडेला, देवळाच्या भिंतीला टेकून, माझी वाटी-चमचा पुढ्यात मांडून बसले. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. तेवढ्यात सासूबाई आल्या, हातात परातीतला सगळ्यात मोठा रोडगा.

"ज्याच्यासाठी नवस, पह्यला रोडगा त्याचा," त्या म्हणाल्या. "हा उरवाचा नाई, बाई."

हे माझ्या यादीत नव्हतं. पंगत थांबलेली होती; मी पहिला घास घेतल्याशिवाय कोणी पानाला हात लावणार नव्हतं. रोडगा फोडला गेला, त्यावर तूप ओतलं गेलं. तुपाचं भांडं घेऊन बहीण समोर उभी. ती तूप पाहत नव्हती, माझं तोंड पाहत होती.

अशा वेळी फ्रिजवरचे नियम अमरावतीलाच राहतात. मला तिला दाखवायचं होतं, की बघ, मी जेवते. सगळ्यांसारखी जेवते. मी चमचा बाजूला ठेवला, रोडग्याचा चांगला मोठा तुकडा वांग्याच्या रश्श्यात बुडवला आणि जुन्या सवयीनं खाल्ला. सुंदर लागला. लगेच दुसरा खाल्ला. पंगत हसली, टाळ्यासुद्धा पडल्या. भाऊजी, म्हणजे बहिणीचा नवरा, ओरडले, "हे पाहा! कोनं म्हटलं ताईचं पोट कापलं?"

तिसऱ्या घासाला छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं झालं. कणीक आत जाऊन बसली आणि पुढे सरकेना. तोंडात पाणी भरून आलं. मी शांतपणे उठले, शांतपणे तुरीच्या पेंढ्यांमागे गेले, आणि पुढचा प्रकार फारसा शांत नव्हता.

तोंड पुसून वळले तर मागे बहीण. हातात अजून तुपाचं भांडं.

"रोजच होते न असं?" ती म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "फोनवर मस्त मस्त म्हन्ते, अन् इकडं असं. खोटं कावून बोलते वं माह्यासंग?"

"रोज नाही होत."

"मी पाह्यलं न आत्ता!"

"आज झालं, कारण आज मी शहाणपणा केला. तुले दाखवाले गेली. रोज मी अशी खातच नाही. तीन घास घाईत खाल्ले, चावले नाहीत, वरून कणकेचे. पोळी सुरू केली तेव्हा एकदा झालं होतं, घाईत खाल्ली म्हणून. त्यानंतर आजच."

तिनं मान हलवली. "नाई जमनार मले. मी तर उभ्या उभ्या जेवतो, एका हातानं डबे भरत."

ती खरंच तशी जेवते. ऑपरेशननंतर तसं जेवता येणार नाही, हेही खरं. हे गोड करून सांगण्यात अर्थ नव्हता. आम्ही दोघी पेंढ्यांना टेकून उभ्या राहिलो. पलीकडून भाऊजींचा आवाज येत होता. ते कोणाला तरी चौथ्या रोडग्याचा आग्रह करत होते.

सासूबाई शोधत आल्या. माझ्याकडे पाहून त्यांना काय ते समजलं.

"सगळा खाल्ला का तू?"

"नाही मावशी, तीनच घास. पण तुम्ही म्हणालात उरवायचा नाही."

"उरवाचा नाई म्हटलं मी. आत्ताच्या आत्ता संपवाचा म्हटलं का?" त्या उखडल्या. "डब्यात घालून घरी ने. रोज इतकुसा खाय. मारुतीले कोनती गाडी पकडाची आहे?"

आणि त्या हसत परत पंगतीकडे गेल्या. मी डबा आणला होता, चमचा आणला होता, गोळ्या आणल्या होत्या. पण उरलेलं त्याच डब्यात घरी नेता येतं हे मला सुचलं नव्हतं. ताटातलं ताटात संपवायचं, हे इतकं हाडात भिनलेलं असतं.

छाती मोकळी व्हायला बराच वेळ लागला. तोवर पंगत उठली होती, दुसरी बसून तीही उठली होती. मग बहीण एक वाटी घेऊन आली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. मांडी घालताना तिला जमिनीला हात टेकावा लागला, तो तिनं माझ्यापासून लपवला नाही.

"तुह्यासाठी वेगळी केली होती," ती म्हणाली. "तुरीच्या ओल्या दान्याची आमटी. मस्त बारीक वाटली. तेल कमी आहे. आता खाय, पन तुह्या पद्धतीनं खाय. मी पाह्यतो."

मी माझा चमचा घेतला. अर्धा चमचा आमटी, तोंडात फिरवली, थांबले. पुन्हा अर्धा चमचा. बहीण श्वास रोखून पाहत होती, जणू मी परीक्षेचा पेपर लिहीत होते.

"मीठ?"

"बरोबर."

"तिखट?"

"मला थोडं जास्त. पोरांना बरोबर होईल."

"अजून?"

मी आणखी एक चमचा घेतला. "लसूण जळलाय. सगळा नाही, थोडा. आणि जिरं मागून टाकलंस."

ती एकदम सरळ झाली. "काय म्हटलं?"

"लसूण करपलाय."

"अवो, भाऊजी गंज उतरवाले बोलावत होते म्हनून मी दोन मिनिटं गेली होती!" ती म्हणाली. भाऊजी म्हणजे या वेळी माझे यजमान. "मी आली तर लसूण लाल झालेला. मी म्हटलं, कोनाले समजते. सासूबाईनं खाल्ली, ह्यायनं खाल्ली, तुह्या नवऱ्यानं दोन वाट्या खाल्ल्या. कोनी बोललं नाई." मग तिनं वाटीकडे पाहिलं. "तुले आधी समजलं असतं का वं?"

मी विचार केला. "आधी मी वाटी संपवून दुसरी मागितली असती. लसणापर्यंत पोचलेच नसते."

तिनं ती वाटी माझ्या हातातून घेतली, माझा चमचा घेतला, आणि अर्धा चमचा आमटी तोंडात टाकून डोळे मिटून बसली. चांगलाच वेळ बसली. "हाव," ती शेवटी म्हणाली. "अन् जिरंही मागून."

मग मी तिला जे फोनवर कधी सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. चहा पूर्वीइतका गोड चालत नाही. तळलेल्याचा वास कधी कधी नकोसा होतो. केस भराभर गळताहेत, पुढे पुन्हा येतील म्हणतात. लग्नात लोक ताटात डोकावतात. उभ्यानं जेवता येत नाही. खुर्ची ओढून बसावंच लागतं, डबे थांबले तरी. तिनं सगळं ऐकलं. आमटी आम्ही एकाच चमच्यानं आळीपाळीनं खाल्ली आणि वाटी संपायच्या आधी मी थांबले. उरलेली तिनं खाल्ली, तीही हळू.

निघताना यजमान गाडी वळवत होते. बहीण खिडकीशी आली.

"ती फाइल तुह्याच जवळ ठेव," ती म्हणाली. "पोरायच्या परीक्षा झाल्या, डबे बंद झाले की येईन मी तपासून घ्याले. डॉक्टरची वेळ घेऊन ठेवजो."

"घेते."

"अन् नवस तू बोलजो माह्यासाठी. याच मारुतीले. पन रोडग्याचा बोलजो नको, बाई! खान्याचा कोनताच नको."

"मग कशाचा?"

"ते तू ठरव. याद्या कोन करते, मी का तू?"

मागून सासूबाईंचा आवाज आला, "जेवनाबिगर नवस? असा नवस कोनं पाह्यला?"

रोडगा माझ्या डब्यातून अमरावतीला आला. रोज थोडा कुस्करून वरणात भिजवला, चमच्यानं खाल्ला, उरवला नाही. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. फाइलच्या झेरॉक्स काढल्या आहेत. बहिणीच्या खानावळीत तिच्यासाठी एक खुर्ची ठेवायला भाऊजींना सांगितलं, त्यांनी ठेवली. त्या खुर्चीवर सध्या कोथिंबिरीच्या जुड्या असतात. यजमानांचं म्हणणं आहे की मारुतीला शंभर प्रदक्षिणांचा नवस बोलावा, पण बहिणीच्या गुडघ्यांकडे पाहता तो आधी मारुतीलाच नको वाटेल. मी झाडं लावू म्हटलं, तर शेतात सावली नको म्हणून भाऊजी नाही म्हणाले. देवळाला रंग, घंटा, बाक, सगळं एकदा लिहून खोडून झालं आहे.

नवस कशाचा, हे अजून ठरायचं आहे.