कागदावरचा उजवा डोळा

माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन कागदावर आधी झालं. चूक माझीच होती. बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहून ठेवते.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आधी कुठला काढायचा, म्हणून मी देवळात कौल लावला. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर उजवा डोळा, डावी पडली तर डावा. उजवी पडली.

दवाखान्यात विम्याच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, "काकी, डॉक्टरांनी कुठला डोळा सांगितलाय?"

डॉक्टरांनी डावा सांगितला होता, तो जास्त पिकला होता. पण देवाने दिलेलं मोडायची भीती वाटली. मी म्हटलं, "उजवा." तिने तसा फॉर्म भरला. ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी आपल्या कागदाप्रमाणे डाव्यावर खूण केली. त्यांना उजवा म्हणायची माझी छाती झाली नाही. डाव्या डोळ्यात मल्टिफोकल लेन्स बसली, लांबचं आणि जवळचं दोन्ही दिसणारी. बिल मात्र त्या फॉर्मवरून गेलं.

घरी आले तर डाव्याने तांदळातला खडाही दिसायचा. फक्त संध्याकाळी दिव्यांभोवती कडी दिसत. उजव्याला धुकं होतं. आमच्या गडग्यापलीकडे, अंगणाच्या दगडी कुंपणाबाहेर, वीज पडून माथा गेलेला एक माड आहे. डावा डोळा झाकला की तो माड काळ्या माणसासारखा दिसे. पुढे पुढे तो गडग्याच्या अलीकडे उभा वाटू लागला. डावा उघडला की परत जागेवर.

काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "उजवा आता थांबवू नका. फार पिकला तर कठीण जाईल." सुनेबरोबर विम्याच्या टेबलापाशी गेले. त्या बाईने कॉम्प्युटरवर पाहिलं.

"हा डोळा झालाय ना तुमचा. बिलात उजव्या डोळ्याचा कोड आहे, मल्टिफोकल लेन्ससकट. कंपनी एकाच डोळ्याला दोनदा मंजुरी देत नाही." मग हसून म्हणाली, "काकी, कागदावर तर तुम्ही या डोळ्याने पेपर वाचताय."

मागे रांगेतली माणसंही हसली. माझा डोळा माझ्याशिवाय कुठेतरी बघत होता.

सून कानाशी म्हणाली, "आई, तुमी उजवो कित्याक सांगलात?"

"देवान उजवी पाकळी दिल्यान गो."

"मगे बिल पण देवाकच लावा!"

सगळ्यांसमोर खरं सांगायला माझी जीभ उचलेना. पण डोळा जाणार होता. मी त्या बाईला म्हटलं, "मी खोटं सांगितलं होतं. झालाय तो डावा." तिने फाइल काढली. डॉक्टरांच्या नोंदीत डावा होता, लेन्सच्या डबीवरचं स्टिकर त्याच पानावर चिकटवलेलं होतं. ती म्हणाली, "कोड दुरुस्तीला पाठवते. पण तुम्ही तुमच्या हाताने लिहून द्या."

चौथीनंतर मी कुणाला अर्ज लिहिला नव्हता. लिहिलं, 'माझ्या उजव्या डोळ्याला दिसत नाही.' डावा झाकून अक्षरं बघितली, तर नुसता पांढरा कागद.

कंपनीचं उत्तर येईना. रोज संध्याकाळी पायरीवर बसून डावा झाकायचे. माड अंगणात आला. मग तुळशीपाशी. सुनेला सांगितलं नाही.

शेवटी दवाखान्यातून फोन आला. कोड बदलला होता, उजव्याला मंजुरी होती, सोमवारी बोलावलं होतं. रविवारी देवळात नारळ ठेवला. गुरव म्हणाला, "पाकळी लावूया, काकी?"

"नको," मी म्हटलं. पहिल्यांदाच.

त्या संध्याकाळी पायरीवर बसून डावा झाकला. तुळशीपाशी माड नव्हता. अंगणात नव्हता, गडग्याकडेही नव्हता. समोर सगळं पांढरं. तो कुठवर आलाय बघायला मी हात पुढे केला, आणि हाताला काही लागायच्या आत मागे घेतला.