गोदाताईचे चौकोन

मोहोपाड्याच्या कॉलनीतली ललिता. नवरा विकास पहिल्या पाळीला गेला की ती पुन्हा एकदा चहा टाकते, चष्मा लावते आणि मोबाईल घेऊन बसते. त्या वेळी दारात साक्षात देव आला तरी बाई उठायची नाही. पुण्याला शिकणाऱ्या लेकीनं, हर्षलानं, हा नाद लावून दिला. रोज सगळ्यांना तेच सोळा शब्द येतात, विस्कटलेले. त्यांतून चार-चारांचे चार गट लावायचे. चार चुका झाल्या की खेळ खलास. प्रत्येक गटाला एक रंग, आणि तुम्ही कुठे कसे चाचपडलात ते शेवटी रंगीत चौकोनांत दिसतं. ते चौकोन दुसऱ्याला पाठवता येतात.

कोडं गेलं खड्ड्यात! ललिताचा जीव अडकलेला असायचा तो नेरळहून येणाऱ्या चौकोनांत, गोदाताईच्या.

गोदा तिची सख्खी थोरली बहीण. दोन वर्षं झाली, दोघींचं बोलणं बंद. आई ललिताकडे वारली. गोदाचा गुडघा तेव्हा असा धरला होता की तिला जिना उतरवत नव्हता, आणि हे ललिताला चांगलं ठाऊक होतं. तरी बाराव्याला, भरल्या घरात, ती बोलून गेली, "आता रडायला सगळी हायेत. पाणी पाजायला कुणी नाय आलं." जीभ म्हणायची की कात्री! गोदा भरल्या पानावरून उठली. "तुझ्या दारात परत पाय ठेवायची नाय," म्हणाली, आणि नाहीच ठेवला. आपण काय करून बसलो हे ललिताला त्याच संध्याकाळी कळलं. पण फोन कुणी करायचा? दोघी एकाच आईच्या, दोघी तेवढ्याच हट्टी.

वर्षभरानं एका सकाळी घरच्या ग्रुपवर गोदाच्या नंबरावरून चौकोन आले. खाली एक अक्षर नाही. ललिता कितीतरी वेळ ते बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिनं आपले टाकले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तिकडून आले. तेव्हापासून हे रोजचंच झालं.

त्या चौकोनांतून ललिता बहिणीची सगळी खबर काढायची. सात वाजताच आले, म्हणजे गुडघा ठणकतोय, झोप नाही बिचारीला. एकही चूक नाही, म्हणजे स्वारी आज खुशीत. अकरा वाजले तरी पत्ता नाही, की हिचा जीव वरखाली. विकास म्हणायचा, "अगं, सरळ फोन लाव की." "तुमी गप बसा," म्हणून ती त्याला उडवून लावायची आणि मग आत जाऊन डोळे पुसायची. तिला ताईची फार आठवण यायची, अगदी रोज.

आणि मग तो मंगळवार आला. त्या दिवशी निळा गट होता पक्ष्यांचा आणि हिरवा रानभाज्यांचा: शेवळं, भारंगी, टाकळा, कुर्डू. ललितानं पहिल्या झटक्यात लावला. हसूच आलं तिला. लहानपणी माथेरानच्या पायथ्याला ताईच्या मागे टोपली घेऊन हिंडायची ती, कुठली भाजी कोवळी, कुठली निबर, सगळं ताईनंच तर शिकवलेलं. आज ताईचेही चौकोन सुरेख येणार!

आले ते तिनं चष्मा पुसून पुन्हा बघितले. चारही चुका. हिरव्यात निळे मिसळलेले, म्हणजे भाज्या नेऊन पक्ष्यांत घातल्या होत्या. गोदाताईला शेवळं ओळखता येऊ नयेत? शेजारच्या सोनुबाईंचं असंच झालं होतं. आधी भाज्यांची नावं गेली, मग लेकाचं, शेवटी स्वतःचं.

ललितानं गॅस बंद केला, पायांत चपला सरकवल्या आणि निघाली. मोहोपाड्याहून चौक गाव, चौकवरून कर्जत, कर्जतवरून नेरळ. तीन गाड्या बदलल्या, पण डोक्यात एकच घोकणं: ताई मला विसरली असंल तर? मी तोंडाला येईल ते बोलले, ते माफ करायलाही तिला आठवलं नाही तर?

दार सुनेनं उघडलं. रूपाली, ताईच्या मनोजची बायको, डोंबिवलीची पोर. ती बघतच राहिली. "मावशी, तुम्ही?"

"ताईला काय झालंय? आज भाज्या पक्ष्यांत घातल्या तिनं!"

रूपाली आधी गोंधळली, मग तिचा चेहरा पडला. "मावशी, ते मी खेळते. आईंच्या मोबाईलवर. मला कुठल्या त्या भाज्या माहीत?"

ललिता दारातच उभी राहिली. वर्षभर जिच्या गुडघ्याची काळजी केली ती ही पोर? जिच्या खुशीनं खुश झाले ती ही? म्हणजे ताई कधी बोललीच नव्हती तर!

"पहिल्या दिवशी चुकून गेले ग्रुपवर," रूपाली हळूच म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तुमचे आले, ते मी आईंना दाखवले. तेव्हापासून रोज चहाला बसल्या की विचारतात, मोहोपाड्याचं आलं काय गं? किती चुकली? आणि मला कितीही घाई असली तरी म्हणतात, आपले टाक आधी, तिकडं ती वाट बघत असंल. परवा तुमचे आले नाहीत तर दुपारी जेवल्या नाहीत."

परवा मोबाईल बंद पडला होता. ललिता ते सांगणार, तोवर आत पावलं वाजली.

आतून भिंत धरत गोदा आली. केस पार पिकलेले, चालणं वाकडं. तिनं बहिणीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"रोज सकाळी मोबाईलात येतीस," ती म्हणाली, "घराचा रस्ता माहीत नव्हता काय गं तुला?"