चार गुंडाळ्या

मी तोंडाची तिखट, हे आधीच सांगून टाकते. पण त्या मे महिन्यात माझं तोंडच बंद झाल्तं. नवीन जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत मी उगवण तपासते. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, रबर लावायचं, आणि आठव्या दिवशी सोडून किती उगवले ते मोजायचं. एका लॉटच्या अशा चार गुंडाळ्या. माझी सही झाली की माल दुकानात जातो. आम्ही तिघी होतो. दोघी सोडून गेल्या, त्यांच्या जागा भरल्याच न्हाईत. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकट्या तिघींना भारी आहात." आणि मी बावळट, खूश झाले!

मंग काय, सकाळी सात ते रात्री आठ. रविवारीही साहेबांचा फोन. भाकरीचा घास तोंडात तसाच राहायचा. एकदा तर रेल्वेनं घरी येताना बदनापूरला उतरायचंच विसरले, पुढच्या स्टेशनावरून रडत परत आले. का रडले, तेही सांगता येईना.

एका गुरुवारी संध्याकाळी सासूबाईंनी फडक्यात बांधलेली मोड आलेली मटकी माझ्यापुढं ठेवली, उसळीसाठी. थोड्या वेळानं त्या ओरडल्या, "अगं बाई, हे काय करून राह्यलीस?" बघते तर मी ताटात मटकीचे ढीग मांडलेले. सरळ मोडाची एकीकडं, वाकड्या मोडाची दुसरीकडं, न उगवलेली कडेला.

"उसळ करायची का निकाल लावायचा?" म्हणत त्या हसल्या. मीही हसले, आणि हसता हसताच एकदम आठवलं. मटकी मी मोजली, पण दुपारचं सोयाबीन? त्या लॉटपुढं मी शहाऐंशी लिहिलं होतं. त्याच शेतातले आधीचे लॉट तसेच आल्ते, म्हणून हात आपोआप चालला. गुंडाळ्या मी सोडल्याच नव्हत्या! अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

सासूबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील, गप बस, नोकरी जाईल. त्या म्हणाल्या, "उद्या जल्दी जा. नोकरी गेली तर जाऊ दे, तू नीट राहा." मला इतकं भरून आलं की काय सांगू.

सकाळी पोचले तर हमाल तेच सोयाबीन घनसावंगीच्या दुकानांकडं जाणाऱ्या गाडीत भरून राह्यल्ते. मी सरळ गाडीपुढं उभी राहिले. "गाडी हलवायची न्हाई."

साहेब धावत आले. "सही तुमचीच आहे ना, मॅडम?"

"माझीच आहे. अन् खोटी आहे."

सगळ्या हमालांनी ऐकलं. माझा आवाज बिलकुल हलला न्हाई.

उगवण खोलीत चारही गुंडाळ्या रबरासकट तशाच उभ्या होत्या. साहेबांसमोर सोडल्या. पांढरी बुरशी, कुजका वास. मी मोजलं, त्यांनाही मोजायला लावलं. शंभरात सत्तर तरी उगवायला पाहिजेत, निघाले एकेचाळीस. साहेब मटकन खुर्चीत बसले.

"चूक माझी आहे, लेखी देते," मी म्हणाले. "पण तिघींचं काम एकटीवर टाकलं, हेही त्याच कागदावर लिहिते. तिघी लागतात. तोवर जेवढ्या लॉटच्या गुंडाळ्या सोडीन तेवढ्याच सह्या. आणि रविवारी माझा फोन बंद. जमत असेल तर राहते, न्हाई तर हा घ्या राजीनामा."

राजीनामा खरंच पर्समध्ये होता, सकाळी रेल्वेत बसून लिहिला होता. साहेबांनी तो उघडलाच न्हाई. बाहेर जाऊन गाडी खाली करायला सांगितली. मला मेमो मिळाला, बराबर मिळाला. तो मी जपून ठेवलाय, आल्या-गेल्याला दाखवते. आणि पंधरा दिवसांत दोघी नव्या पोरी कामावर आल्या.

पहिल्या मोकळ्या रविवारी सासूबाईंनी मुद्दाम मटकीचं फडकं माझ्यापुढं टाकलं. मी ते तसंच कढईत उपडं केलं.

"किती उगवली गं?" चेहरा एकदम गंभीर करून त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत!" मी म्हणाले, आणि उसळ दोनदा वाढून घेतली.