मेंढरांनी आधी पाहिलं

औंढ्याला नंदी देवासमोर नाही, देवळाच्या पाठीमागं आहे. लहानपणी मला वाटायचं, सगळीकडं असंच असतं. पुढं शिकायला हिंगोलीला गेले. तिथल्या एका महादेवाच्या दारात नंदी बसलेला पाहिला, तेव्हा मी मैत्रिणीला विचारलं, "हा इथं काय करतोय?" ती कितीतरी दिवस मला त्यावरून चिडवत होती.

नंदी मागं का, याची गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. नर्सीचे संत नागनाथासमोर कीर्तनाला उभे राहिले. पूजेत व्यत्यय येतो म्हणून त्यांना देवळामागं जायला सांगण्यात आलं. ते मागं गेले, टाळ पुन्हा वाजू लागले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं. नंदी होता तिथंच राहिला.

माझ्या वडिलांचं, आबांचं, एवढ्यावर भागत नसे.

आबा मेंढपाळ. आमचं गाव साखरा, सेनगाव तालुक्यातलं. पावसावरची थोडी जमीन आणि मेंढरं. दिवाळी सरली की गावाकडचा चारा संपायचा आणि आबा कळप घेऊन सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखालच्या शिवारात उतरायचे. तिकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेत आणि त्याबदल्यात धान्य देत. वाटेत औंढा लागायचं. कळप सोबत्याच्या हवाली करून आबा देवळात जायचे, पण गाभाऱ्यात क्वचितच. औंढ्याचा देव जमिनीखाली आहे. अरुंद, उंच पायऱ्या उतरून, वाकून, जवळजवळ बसूनच पुढं सरकावं लागतं. "आंगाला मेंढराचा वास," ते म्हणायचे, "आत बाकीच्यांना तकलीफ." म्हणून ते मागं नंदीपाशी बसायचे. माझ्या शाळेला सुट्टी असली आणि मी सोबत असले, की तिथं बसून गोष्ट सांगायचे.

त्यांच्या गोष्टीत देवळामागं आधीपासून एक मेंढका बसलेला होता, मेंढरं घेऊन. संत तिकडं आले तेव्हा त्यानं आपलं घोंगडं अंथरून त्यांना जागा करून दिली. कीर्तन रंगलं. सगळ्यांचे डोळे मिटले.

"डोळे झाकल्यावर देऊळ फिरून राहिलं हे दिसणार कोणाला?" आबा विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता सांगायचे, "मेंढरानं पाह्यलं आधी. चरता चरता मुंडकं वर केलं त्यानं."

"मग नंदीला कसं दिसलं नाही?"

"त्यो रवंथ करून राहिला व्हता. रवंथ करतानी बैलाला जगाचं भान न्हाई."

ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल, सांगता येणार नाही. आबा ती सोबतच्या मेंढक्यांना सांगायचे, रानात मेंढरं बसवणाऱ्या शेतकऱ्याला सांगायचे, एकदा तर एसटीच्या कंडक्टरला सांगितली होती. ते निरक्षर होते. आपली म्हणावी अशी त्यांच्याकडं ही एक गोष्टच होती.

माझं लग्न झालं तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आम्ही परभणीतच मोडत होतो. सासर हट्टा गावचं. माणसं आमच्यातलीच, पण दोन पिढ्यांमागं मेंढरं विकून जमिनीत स्थिरावलेली. आबांना त्यांचं थोडं दडपण वाटायचं. त्यांच्यासमोर ते धोतराचा सोगा सारखा नीट करत. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात एका सोमवारी आम्ही दोन्ही घरची मंडळी औंढ्याला जमलो. दर्शन झाल्यावर देवळामागं शेंगदाण्याचे लाडू आणि केळी काढली. सासूबाईंनी सहज नंदीचं विचारलं आणि आबांनी गोष्ट सुरू केली. मला आठवतं, दडपण कुठल्या कुठं गेलं. हात हलू लागले. सासरे पुढं सरकून बसले.

मेंढरानं मुंडकं वर केलं, इथपर्यंत गोष्ट आली आणि मी बोलले.

मी इतिहास घेऊन बी.ए. झाले होते. कॉलेजच्या ग्रंथालयात या देवळाविषयी जे काही सापडलं ते सगळं वाचलं होतं. मी म्हणाले, "आबा, मेंढरांचं कुठंच लिहिलेलं नाही. ते मागाहून कुणीतरी जोडलेलं असणार. आणि देऊळ असं फिरत नसतं. खालचं काम जुनं आहे, वरचं नंतरचं. बांधताना कधीतरी दार बदललं असेल."

माझ्या आवाजात खोच नव्हती. वर्गात उत्तर द्यावं तसं मी बोलले होते. सासऱ्यांनी कौतुकानं मान हलवली. शिकलेली सून.

"व्हय," आबा म्हणाले. "तसं असंल." मग त्यांनी घोंगडं खांद्यावर टाकलं. "चला. बस चुकंल."

त्यानंतर आबांनी ती गोष्ट सांगितली नाही. मला ते लगेच कळलं नाही. दुसऱ्या वर्षी माहेरी गेले तेव्हा आई म्हणाली, "आता वाटंनं बी सांगत न्हाईत. सोबतचे मागं लागतेत, तरी न्हाई."

"काहून?"

"म्हणतेत, पोरगी शिकली. खोटं काहून सांगावं."

मी आबांकडं गेले. ते गोठ्यात एका कोकराला बाटलीनं दूध पाजत होते. मी म्हटलं, माझं चुकलं. त्यांनी वर पाहिलं, हसले. "चुकलं कशानं? तुमी बराबर बोल्ल्या. आमाला काय ठाऊक." जन्मभर मला 'तू' म्हणणारे आबा 'तुमी' म्हणाले. रागावले असते तर मला काहीतरी करता आलं असतं. त्यांनी माझं म्हणणं मान्य केलं होतं. त्यांच्या वडिलांनी त्यांना दिलेलं ते एवढंसं त्यांनी माझ्या शब्दाखातर खोटं ठरवून टाकलं होतं. ते परत कसं खरं करायचं, हे मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

मी प्रयत्न केले. एकदा नवऱ्याचा टेपरेकॉर्डर घेऊन गेले. म्हटलं, शाळेतल्या मुलांना ऐकवायचीय. मी तोवर शिक्षिका झाले होते. टेप सुरू केल्यावर आबा सरळ बसले, फोटो काढायला बसतात तसे, आणि म्हणाले, "पाऊस बरा झाला औंदा." पुढं काही नाही. ती कॅसेट आहे माझ्याकडं. आबांच्या त्या वाक्यानंतर बराच वेळ मेंढरांचा आवाज येत राहतो.

सासूबाई आबांना सोडत नसत. "इवाई, आर्धी राहिली की ती गोष्ट. मेंढरानं मुंडकं वर केलं, मंग?"

"लेकीला इचारा, इहीणबाई. ती सांगंल."

"तिला इचारलं तर ती दगड कोणता सांगती," सासूबाई म्हणायच्या आणि घरी आल्यावर मला ऐकवायच्या, "तुझ्या पुस्तकानं माझी गोष्ट खाल्ली बघ." हे त्या भाकरी थापताना, पाहुण्यांसमोर, कुठंही म्हणायच्या. त्यांचं खरं होतं.

अशी सहा-सात वर्षं गेली. जिल्हा नवा झाला, औंढ्याचा रस्ता सुधारला. आबांचे गुडघे धरले, कळप बराचसा विकला. पुन्हा एका श्रावणातल्या सोमवारी सासूबाई मला आणि शेजारच्या दोन बायकांना घेऊन निघाल्या. त्या दोघी पहिल्यांदाच औंढ्याला येत होत्या. साखऱ्याहून आबा आले. गर्दी खूप होती. दर्शन करून आम्ही देवळामागं सावलीला बसलो, आणि त्यातल्या एकीनं विचारलं, "नंदी इकडं मागं काहून हो?"

सासूबाईंनी आबांकडं पाहिलं. आबा केळ्याची साल काढत होते. ते काढतच राहिले.

मग मीच सांगायला लागले. आबांना बोलतं करावं, अशी काही युक्ती माझ्या मनात नव्हती. एवढंच वाटलं, की या बायकांनी मेंढरांशिवायची गोष्ट घेऊन घरी जाऊ नये. मी मेंढका सांगितला, घोंगडं सांगितलं. सगळ्यांचे डोळे मिटले, हे सांगितलं. मला गोष्ट पाठ आहे, असं मी समजत होते. "मेंढरांनी मान वर करून पाहिलं," मी म्हणाले, "तर देऊळ फिरत होतं. जमीन हादरली, तशी मेंढरं घाबरून चारी दिशांना पळाली. मेंढका त्यांच्यामागं..."

"पळतील कशी?" आबा म्हणाले.

मी थांबले. केळं तसंच त्यांच्या हातात होतं.

"मेंढरू भेलं तर चारी अंगाला पांगत न्हाई. एकमेकात घुसतं. मुंडकं खाली घालून, ह्याचं पोट त्याला, त्याचं ह्याला. शेळी पांगती, मेंढरू न्हाई. मेंढक्याची लेक ना गं तू?"

"शिक्षिका हाय ती," सासूबाई म्हणाल्या. "तिला शेळी-मेंढी एकच."

बायका हसल्या. मीही हसले, आणि मग मला हसता येईना. पदर डोळ्यांना लावायचा मोह झाला, तो मी आवरला.

"मंग?" सासूबाईंनी विचारलं. त्या हे इतक्या हळू म्हणाल्या, की मी त्यांच्याकडं पाहिलं. फटकळ बाई श्वास रोखून बसली होती.

"मंग काय," आबा म्हणाले. "घुसले एकमेकात. आन् त्या मेंढक्यानं डोळे उघडले न्हाईत. मेंढरं जाग्यावर गोळा झाले, त्याच्या पायाला लागून, मंग त्यानं वळखलं का कायतरी मोठं चालू हाये. कीर्तन मोडू दिलं न्हाई त्यानं. उगं एका मेंढीच्या पाठीवर हात ठिऊन बसला." त्यांनी हात पुढं केला, तळवा खाली करून. हा भाग मी कधीच ऐकला नव्हता. मी लहान असताना त्यांनी तो सांगितला नव्हता, की सांगितला होता आणि माझं लक्ष नंदीच्या रवंथाकडं होतं, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

दुसरी शेजारीण म्हणाली, "आमच्या माहेरी कीर्तनकार सांगतेत ही गोष्ट. मेंढराचं न्हाई सांगत ते."

आबा आता पुन्हा 'तसं असंल' म्हणतील, असं मला वाटलं.

"न्हाई सांगायचे," आबा म्हणाले. "लिहेल न्हाई ते कुठं. माह्या लेकीनं समदं वाचलं, तिला गावलं न्हाई."

"मंग तुमाला कोणी सांगितलं?"

"माह्या बानं. त्याला त्याच्या बानं." केळं त्यांनी कागदावर ठेवलं. "आमी तितंच व्हतो ना."

ते गुडघ्यावर हात देऊन उठले आणि मेंढरं नेमकी कुठं बसली होती ते दाखवायला, चार पावलं पलीकडं, भिंतीच्या दिशेनं निघाले. बायका मागं गेल्या, सासूबाईही उठल्या. मी साली गोळा करत मागं राहिले होते. आबा वळले.

"ये की इकडं," ते म्हणाले. "पुढं तुलाच सांगायची हाय. नीट पाहून घे."

मी साली तशाच ठेवल्या आणि गेले.