अंगठी काढ

आमच्या शेजारचे काका फॅक्टरीत जन्मभर मशीनवर होते. म्हणून घरच्या वर्कशॉपसाठी स्वस्तातलं पिलर ड्रिल घ्यायला मी त्यांनाच बडा फुहारा चौकाजवळच्या दुकानात नेलं. दुकानदार मोटरचं कौतुक सांगत होता. काकांनी मशीन बंदच ठेवून, बिट धरणारा चक मुठीत घेऊन हलवला. दोन मशीनचे चक खडखडले.

"भैया, ये दोनों रहने दो."

तिसऱ्याचा रंग उडालेला, पण चक जराही हलेना.

"हेच घे. काहून रंग पाहून राहिला?"

घरी मी बटण दाबणार, तोच त्यांनी तळहात पुढे केला. "अच्छा, आधी अंगठी काढ."

त्या हाताचं एक बोट अर्धं कसं, हे विचारायचं मी कितीतरी वर्षं टाळलं होतं. अंगठी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि विचारायची गरजच उरली नाही.