मधलं पद

दहावीला गणितात मला पस्तीस मार्क होते, तेही मास्तरांनी दया येऊन ओढून दिलेले. अशा माणसानं पोरीला बीजगणित शिकवायला बसू नये. पण मी बसलो, कारण मला गप्प राहवत नाही. रेवदंडा ते अलिबाग रिक्षा चालवतो, दिवसभर मागच्या सीटवरच्यांना जगाचं ज्ञान देतो. घरी आलं म्हणून ती खोड जाते थोडीच.

पोरगी नववीत होती. अलिबागचा एक क्लास परीक्षा घेऊन दोन मुलांना फुकट घेणार होता. तिला डिप्लोमा करून जहाजाच्या इंजिनांचं काम शिकायचं होतं आणि क्लासची फी माझ्या आवाक्यातली नव्हती. म्हणजे ही परीक्षा हाच काय तो रस्ता. नेमके त्याच पंधरवड्यात शाळेतले गणिताचे सर निवडणुकीच्या कामाला जुंपलेले. बहुपदींच्या गुणाकाराचा गृहपाठ वहीत तसाच पडून होता.

रविवारी दुपारी ती वही घेऊन माझ्यासमोर बसली. एका कंसात दोन एक्स अधिक तीन, त्याला चिकटून दुसरा कंस, एक्स अधिक पाच. मी जरा वेळ बघत राहिलो आणि डोक्यात एकदम उजेड पडला.

"आपल्याकडं लग्नात भेटी कशा व्हतात?" मी म्हटलं. "व्याही व्याह्याला भेटतो, मामा मामाला. नवरीच्या मामानं नवऱ्याच्या बापाला मिठी मारली तर मांडव हसंल. तसंच हाय हे. पहिला पहिल्याला, दुसरा दुसऱ्याला."

उत्तर आलं, दोन एक्स वर्ग अधिक पंधरा. ती खुदकन हसली. मग पुस्तकाची मागची पानं उघडून म्हणाली, "पप्पा, हितं उत्तरात तीन पदं हायत. मधी तेरा एक्स हाय."

"छापताना चुकलं असंल," मी म्हणालो.

आणि तिनं ते मानलं. याचा मला आजही राग येतो, तिचा नाही, माझा. छापील पुस्तकापेक्षा तिनं बापाला खरं धरलं. सगळा गृहपाठ त्या दुपारी भेटींच्या रीतीनं उरकला आणि मी खुशीत ताणून दिली.

परीक्षेनंतर आठवड्यानं क्लासच्या सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. पेपर समोर ठेवला. बाकी सगळं बरोबर होतं, फक्त गुणाकाराच्या प्रत्येक उत्तरातून मधलं पद गायब. पहिल्या कंसातल्या प्रत्येकानं दुसऱ्या कंसातल्या प्रत्येकाला गुणायचं असतं, हे सरांनी एका वाक्यात सांगितलं. मला उभ्या उभ्या कळलं. इतकं सोपं होतं ते.

"चूक सगळीकडे एकसारखी आहे," सर तिला म्हणाले. "कुणी चुकीचं शिकवलं असेल तर सांग, मी पुन्हा पेपर देतो. पण तुझं तूच समजून एवढं चुकलं असेल, तर पुढचं झेपणार नाही."

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "कुनी न्हाय सर. मीच केलं."

माझ्या मागं आणखी दोघे-तिघे पालक उभे होते, त्यातला एक माझ्या रिक्षातलं रोजचं गिऱ्हाईक. मला एकच वाक्य बोलायचं होतं. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारा मी, माझी वाचा तेवढ्यापुरती बसली. सरांनी निवडीच्या यादीतलं तिचं नाव खोडलं आणि आम्ही बाहेर आलो.

आता ती बारावीला आहे, आर्ट्सला. जहाजांचा विषय काढत नाही. मध्यंतरी एकदा धीर करून मी तिला म्हटलं, की त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं.

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला वाटलेलं, तुमी बोलाल."