खामवरचा पूल आणि कच्चा चुना

आमच्या शहरात खाम नदीवर एक जुना दगडी पूल आहे. तो कुणी बांधला यावर गावात दोन तट आहेत. चहाच्या टपरीवर दोन्हीकडची माणसं हमरीतुमरीवर येतात, पण पूल निजामाच्याही आधीचा आहे एवढं सगळ्यांना कबूल. त्याच्यावरून टांगे गेले, बैलगाड्या गेल्या, वैजापूरकडचे कापसाचे ट्रक गेले, पाण्याचे टँकर गेले. शेजारी नवा पूल झाला आणि काही वर्षांतच त्याच्या कठड्याला तडे गेले. जुना जागचा हलला नाही. मला या पुलाचा अभिमान आहे आणि तो मी चारचौघांत मिरवते.

एक गोष्ट मात्र मी वीस वर्षं लपवली. माझी आई या पुलावर मजूर होती. लग्न होऊन ती देवगाव रंगारीहून शहरात आली. मी पोटात असताना पुलाची डागडुजी निघाली, तेव्हा ती चुन्याच्या घाणीवर लागली. बैल दगडी चाक ओढायचा आणि चाकाखाली चुना, वाळू, विटांची भुकटी सारायचं काम बायकांकडे असायचं. वरून गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर. मी डिप्लोमा करून साइट इंजिनिअर झाले. ऑफिसात कुणी आईबद्दल विचारलं, की घरीच असते म्हणून मोकळी व्हायचे.

गेल्या वर्षी त्याच पुलाच्या कमानींची दुरुस्ती आमच्या ठेकेदाराला मिळाली आणि देखरेख माझ्याकडे आली. सिमेंट पाणी आत कोंडून धरतं आणि दगडाची वाट लावतं, म्हणून सांध्यांत चुनाच भरायचा अशी अट होती. चुन्याची कळी पाण्यात विरवून निदान महिनाभर मुरवायची असते. पण मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून ठेकेदारानं माझ्या मागे टुमणं लावलं आणि आठव्याच दिवशी मी चुन्यावर सही केली. मला नियम माहीत नव्हता असं नाही. पाहणीच्या दिवशी काम पुढे गेलेलं दिसावं, एवढीच हाव होती.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी डबा घरी विसरले, तो घेऊन आई दुपारी साइटवर आली. कमानीखाली बायका सांधे भरत होत्या. आई सरळ त्यांच्या घमेल्यापाशी उकिडवी बसली, चिमटीत चुना घेऊन चोळला आणि मला हातानं बोलावलं.

"कच्चा हाय. कण लागतोय बघ."

मी म्हटलं, चाळून घेतलाय. तिनं शांतपणे समजावलं, की न विरलेला कण आधी गुमान बसतो. मग भिंतीतलं पाणी पिऊन फुगतो आणि सगळा सांधा बाहेर ढकलतो. त्यांच्या वेळी एक अख्खी कमान अशीच खरडून काढावी लागली होती. माझं डोकं फिरलं. त्या बायकांसमोर मी तिला म्हणाले, तुला यातलं काय कळतं. ती पदराला हात पुसून घरी गेली.

ती गेल्यावर मी खाली बसले आणि तोच चुना चोळून पाहिला. कण लागत होता. स्वतःचा इतका राग मला कधीच आला नव्हता. मी काम थांबवलं आणि चार दिवसांत भरलेले सांधे खरडून काढायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तर आई बायकांच्या रांगेत बसून सांधे खरडत होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तेवढ्यात साहेब आले. उघडे सांधे पाहून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि काम कुणाच्या सांगण्यावरून थांबलं ते विचारलं. ठेकेदारानं लगेच आईकडे बोट दाखवलं.

"मावशी, तुम्ही कोण?" साहेबांनी विचारलं.

आई उठून उभी राहिली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. "मी म्याडमच्या शेजारी राहते, साहेब. पूर्वी चुन्याचं काम केलंय, म्हणून बोलले."

मी जे वीस वर्षं लपवत होते, ते ती माझ्याहून नीट लपवत होती.

"साहेब, ही माझी आई," मी म्हणाले. "या पुलाचा चुना हिनं मळलाय. तो अजून टिकून आहे. माझा चार दिवसही टिकला नाही."

साहेबांनी वाकून घमेल्यातला चुना चोळून पाहिला आणि महिन्याची मुदत वाढवून दिली. ठेकेदाराचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

तो महिनाभर आई रोज माझ्या स्कूटीवर मागे बसून साइटवर आली. चुना मुरेपर्यंत तिनं कुणाला घमेलं उचलू दिलं नाही. पुलावरून येणारं-जाणारं कुणी थांबलं, की न विचारताच सांगायची, "इंजिनेर म्याडमची आय हाय मी."